संथेवर मालकी

अमरावतीच्या राजापेठेत ज्याचा आज शिकवणीवर्ग चालतो, तो माझा शिष्य. पुरुषसूक्त त्याने माझ्यासमोर बसून घेतले. आमची संथा देण्याची रीत साधी आहे: गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा. मोबदला नाही, पुढे कुणाला तरी असेच द्यावे, एवढेच बंधन.

अंजनगाव सुर्जीचे एक औषध दुकानदार वडिलांच्या वर्षश्राद्धात म्हणण्यासाठी हे सूक्त माझ्याकडे शिकत होते. त्यांना रोज अमरावतीला येणे जमेना, म्हणून मी संथा ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवली. श्राद्ध तोंडावर आले आणि त्यांचा फोन आला.

"गुरुजी, तुमचं पठण दिसून नाही राहिलं. कोण्या कंपनीच्या मालकीचं आहे म्हणते."

त्या कंपनीचे ध्वनिमुद्रण ऐकले. आवाज माझ्या त्या राजापेठेतल्या शिष्याचा; पठण त्याने कंपनीला दिले होते. माझ्या गुरूंना दमा होता; एका ऋचेत ते नको तिथे श्वास घेत. मी श्रद्धेने तो तसाच घेतला, तसाच दिला. तो श्वासही त्या मुद्रणात होता. माझ्या गुरूंचा दमासुद्धा आता कंपनीच्या मालकीचा होता.

मी राजापेठेत गेलो. त्याने चहा मागवला.

"गुरुजी, तक्रार मी नाही केली. सारखं पठण सापडलं का कंपनीचं मशीन आपोआप करते. कावून तरास करून घेता? मी सांगतो त्यायले, तुमाले परवानगी देतील."

"मला? परवानगी?"

"फुकट देतील ना. तुमी तं घरचे."

विचारांच्या मालकीचा वाद जगभर चालला आहे, हे मी वाचतो. ज्याने रचले त्याला त्याचे श्रेय आणि मोल मिळावे, हे मला मान्य आहे. पण हे त्याने रचले नव्हते, मीही नाही. ऋषींनासुद्धा आपण मंत्रांचे द्रष्टे म्हणतो, कर्ते नव्हे. ज्यांना ते दिसले त्यांनीही मालकी सांगितली नाही, आणि हा मला परवानगी देतो.

"दिलेली विद्या परत मागता येत नाही," मी म्हणालो, "याचे आज प्रथमच वाईट वाटते." चहा तसाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने अंजनगावला गेलो. दुकानाच्या मागच्या खोलीत खोकी सरकवून आम्ही बसलो.

"मोबाइलमधी भरून घेऊ का, गुरुजी?"

"घ्या. मागेल त्याला द्या."

राग उतरलेला नव्हता. पहिली ऋचा नको तितक्या चढ्या आवाजात निघाली. थांबून ती मला पुन्हा म्हणावी लागली.