एका कुकरमधली शुगर

दोन्ही वेळा गोड खाऊन सकाळी शुगर पंच्याण्णव आणणारा माणूस साऱ्या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे, असं मी चार वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन तारनाक्याला स्थायिक झाले आणि पाठोपाठ त्यांना मधुमेह झाला. कोठी बाजारातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बोटातल्या थेंबभर रक्तावर शुगर दाखवणारं छोटं यंत्र घ्यायला लावलं आणि बजावलं, रोज सकाळी बघायचं, वहीत लिहायचं, आणि आकडा चढता राहिला तर इन्सुलिनची सुई सुरू. काका एरवी कुणाच्या बापाला भिणारे नव्हेत, पण स्वतःला सुई टोचून घ्यायची म्हटलं की ते पांढरेफटक पडत. नोकरीच्या वेळच्या तपासणीत रक्त काढताना ते स्टुलासकट आडवे झाले होते, ही गोष्ट मावशी आल्यागेल्याला अजून सांगते. तेव्हा इन्सुलिन टाळणं हा त्यांच्या उरलेल्या आयुष्याचा एकमेव ध्यास झाला.

दुसऱ्याच्या बोटाशी मात्र त्यांचं काहीच वैर नव्हतं. तिथे त्यांचा हात निष्णात सर्जनसारखा चाले. यंत्र कायम शर्टाच्या खिशात. बारसं असो की मुंज, काका दिसले की ओळखीची माणसं आपोआप हात मागे बांधत. "आधी बोट, मग गप्पा," हा त्यांचा खाक्या. प्रत्येकाला नवी सुई, हा एक नियम तेवढा ते कसोशीने पाळत. भाजीवाला, इस्त्रीवाला, समोरचे रावगारू, सगळ्यांची शुगर त्यांना तोंडपाठ. माझ्या मुलीला बघायला मंडळी आली होती, तेव्हा पोहे यायच्या आत काकांनी मुलाच्या वडिलांचं बोट धरलं. दोनशे ब्याऐंशी! "पोरगी द्यायला आमची बिलकुल हरकत नाही," काका म्हणाले, "पण पेढा तुम्ही नक्को खाऊ." मला वाटलं, झालं, मोडलं हे लग्न. पण ते जमलं, आणि व्याही आजही सणावाराला मला सोडून काकांनाच आधी फोन करतात.

स्वतःची शुगर काका सकाळी सहाला स्वयंपाकघरात, दार लावून बघत. आत फक्त मावशीला प्रवेश. मग बाल्कनीत येऊन, गाडी सुटल्याची घोषणा करावी तशा आवाजात ते आकडा जाहीर करत. आकडा नव्वद ते शंभरच्या बाहेर कधी गेला नाही, आणि इथेच घोटाळा झाला, कारण काका विचार करू लागले. एका लग्नात त्यांनी खुबानी का मीठा दोन वाट्या हाणला. दुसऱ्या दिवशी ब्याण्णव. सिद्धांत निघाला, की जर्दाळू शुगर उतरवतो. तुपात तळलेल्या पावाचा डबल का मीठा खाल्ला, सत्त्याण्णव. सिद्धांत निघाला, की शुगरला थोडी लाच द्यावी, एकदम बंद केलं की ती चिडते. इराणी हॉटेलात चहाबरोबर बिस्किट ते मोडून खात. "अर्धं बिस्किट शुगरला कळत नाही," असं म्हणत ते सहा अर्धी खात. रावगारूंनी भाबडेपणाने हा मार्ग धरला आणि चार दिवस अंथरुणाला खिळले. "तुमची शुगर भातावर पोसलेली आहे, तिला शिस्त नाही," असा काकांनी उलट त्यांनाच दम भरला. वहीच्या पानाचा फोटो दर आठवड्याला डॉक्टरांच्या मोबाइलवर जाई, तिकडून अंगठा येई. डॉक्टर प्रयोगशाळेतली तपासणी करून घ्या म्हणत, पण काकांच्या मते श्रावणात रक्त काढू नये, पितृपक्षात तर नकोच, आणि थंडीत शीर सापडत नाही.

गेल्या हिवाळ्यात आकडा हलला. एकशे चाळीस, एकशे अडुसष्ट, एकशे नव्वद. काकांनी कोठीहून दुसरं यंत्र आणलं, तेही तेच सांगू लागलं. मग मात्र माणूस हबकला. गोड बंद, भात बंद, घराजवळच्या विद्यापीठाच्या झाडांखालून रोज तासभर चालणं, सकाळी मेथीचं पाणी, संध्याकाळी कारल्याचा रस. पँट कमरेवर राहीना. आकडा चढतोच आहे. बाल्कनीतली घोषणा बंद झाली. एका सकाळी दोनशे चौदा आले आणि काकांनी मला फोन केला, "बाबू, आता माझं काही खरं दिसत नाही." मी पोचलो तेव्हा ते मावशीला गॅसचा नंबर कसा लावायचा ते शिकवत होते.

तिघंही ऑटोने कोठीला गेलो. डॉक्टरांनी बोलता बोलता काकांचं बोट धरलं, मावशीनं पदराने त्यांचे डोळे झाकले आणि काम झालं. एकशे अठरा. डॉक्टरांनी वही पाहिली, यंत्र पाहिलं, पुन्हा वही पाहिली.

"अंकल, ये नंबरां किसके हैं?"

"हमारेच हैं."

"उंगली किसकी थी?"

काका छताकडे पाहू लागले. मावशी सरळपणे म्हणाली, "उंगली तो रोज मेरीच रहती, डॉक्टरसाब. इनको चक्कर आते. मैं बोली, मेरी ले लो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. काकांनी मात्र पूर्ण इभ्रतीने खुलासा केला, "चाळीस साल से एकीच कुकर का खा रहे हम दोनों. शुगर अलग कहां से आएगी?"

मला हसू आवरेना. कॉलनीभर गाजलेले सारे सिद्धांत मावशीच्या रक्तावर उभे होते, आणि तिने तर आयुष्यात कधी खुबानी का मीठा चाखलेला नाही, तिला गोडच आवडत नाही! कारल्याचा रस काकांनी प्यायला आणि मोजला मावशीच्या बोटात. मी डोळे पुसत वर पाहिलं तर काका हसत नव्हते. सिग्नलमध्ये हयात गेलेला माणूस. कुठला दिवा कुठल्या रुळाचा हे त्यांना आमच्या आधी कळलं.

"मग हे दोनशे चौदा..." ते म्हणाले आणि मावशीकडे वळले. ती बाटलीतलं पाणी पीत होती. बसल्यापासूनची तिसरी खेप. गेले काही महिने तिला सारखी तहान लागत होती, पाय गळून जात होते, आणि आम्ही सगळे वय झालं म्हणून सोडून देत होतो. डॉक्टरांनी तिचं बोट पुढे घेतलं तेव्हा काकांनी तोंड फिरवलं. मला त्या क्षणी या वेड्या माणसाची फार माया आली.

वेळेवर कळलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणतात. मावशीला गोळ्या लागू पडल्या आहेत, काकांचंही इन्सुलिन टळलं आहे. परवा सकाळी मी त्यांच्याकडे होतो. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. काकांनी चष्मा लावून मावशीचा हात उजेडात धरला होता. बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके, मोजता न येण्याइतके.

"एवढं टोचलं मी तुला?"

"मला कुठं काय कळतंय? चला, गोळी घ्यायची आहे."

काकांनी तिचा हात सोडला, सुई तिच्या हाती दिली आणि भिंतीला पाठ टेकून स्वतःचं बोट पुढे केलं. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. "आज आधी माझं. आणि तूच टोच. चांगलं जोरात टोच."

मावशीनं इतकं हळू टोचलं, की रक्तच आलं नाही.