न विटलेला निळा

"जरा तिरपी धरा बरं," असं म्हणत सर समोरच्याच्या हातातली पाचशेची नोट स्वतःच काढून घ्यायचे. नोट कलती केली की मधला हिरवा धागा निळा दिसायला लागतो, हे तुम्हीही कधीतरी पाहिलं असेल. सर मात्र दर वेळी नव्यानं बघायचे. "रंग नाही हो तो. फुलपाखरांची युक्ती आहे."

आमच्या गंगापूर रोडच्या चहावाल्यानं याचा भलताच अर्थ घेतला. "सर, ही नोट खरी हे का, बघा ना," म्हणून तो गिऱ्हाइकांच्या देखत नोटा त्यांच्यापुढे धरायचा. गिऱ्हाईक चिडायचं, सर ओशाळायचे आणि दोघांचाही चहा गार व्हायचा.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. माणूस गप्पिष्ट. पण कुणी त्यांच्या हॉलमधल्या कपाटाकडे पाहिलं की लगेच विषय बदलायचे. त्या कपाटात काचेच्या झाकणाच्या पेट्या होत्या आणि पेट्यांत टाचण्या टोचलेली फुलपाखरं.

एकदा माझी बायको ती पाहून "किती सुंदर!" म्हणाली. सरांचा चेहरा उतरला.

"मी मारलीत ती, वहिनी. म्हणजे पोरांकडून मारून घेतलीत. ते त्याहून वाईट."

पावसाळा सरला की ते विद्यार्थ्यांना पेठच्या डोंगरात न्यायचे. जाळ्यात सापडलेल्या फुलपाखराची छाती चिमटीत दाबायची, पंख पसरून टाचण्या लावायच्या, पेटीत डांबरगोळ्या टाकायच्या. जितक्या जाती जास्त, तितके मार्क जास्त. "नियम माझाच होता," सर म्हणाले. "पोरं डोंगर पालथा घालायची आणि मी वर त्यांची पाठ थोपटायचो."

पेट्यांतली पिवळी, तपकिरी फुलपाखरं विटून वाळक्या पानांसारखी झाली होती. निळी मात्र काल पकडल्यासारखी. मी कारण विचारलं, तेव्हा सरांनी निळ्या पंखावर स्पिरिटचा थेंब सोडला. निळा हिरवट झाला आणि स्पिरिट उडालं तसा पुन्हा निळा. पिवळ्यात रंगद्रव्य असतं, ते उजेडानं उडतं, त्यांनी समजावलं. या निळ्यात रंगद्रव्यच नाही. पंखाच्या खवल्यांवर डोळ्यांना न दिसणारे बारीक पापुद्रे असतात आणि उजेड त्यांच्यावरून परतताना निळा होतो. मला जादू पाहिल्याचा आनंद झाला होता. सर झाकण लावत म्हणाले, "विटला असता तर बरं झालं असतं हो. इतकी वर्षं झाली, अजून तसाच बघतो माझ्याकडे."

त्यांना एकच आस लागली होती. रंग न घालता रंगीत दिसणारं कापड, ओल लागली की रंग बदलणारी काच, असं काय काय या पंखांवरून बनवायचं चाललंय, हे ते वाचायचे. "एखाद्या प्रयोगशाळेनं या पेट्या नेल्या तर निदान फुकट मेली नाहीत असं म्हणता येईल."

त्यांची नामपूरची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात याच कामात होती. सरांनी बोलावल्यावर ती लगेच आली. सरांनी मलाही वर बोलावलं होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पेट्या पुसून टेबलावर मांडल्या होत्या, खाली रिक्षासुद्धा सांगून ठेवली होती. सरांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, शिरा केला होता.

"एवढ्या सगळ्या कशाला, सर?" ती हसून म्हणाली. "एका पंखाचा नखाएवढा तुकडा पुष्कळ झाला. त्याची रचना मोजली की पुढचं सगळं आम्ही काचेवर करतो. आता फुलपाखरं लागतच नाहीत."

तिला वाटलं, सरांना बरं वाटेल.

"नखाएवढा," सर म्हणाले. मग मांडलेल्या पेट्यांकडे बघत, "आणि बाकीची?"

मी शिऱ्याच्या बशीकडे बघत राहिलो. लाज सरांना वाटत होती, पण मान वर करायचा धीर मला होईना. सरांना काय लागलं ते तिच्याही ध्यानात आलं. "सर, मीपण पेटी भरली होती की," ती हळूच म्हणाली.

"तू मार्कांसाठी भरलीस. मार्क मी देत होतो."

तिनं एक तुकडा कागदात गुंडाळून नेला. रिक्षावाल्याला मी परत पाठवलं. त्यानंतर सर चहाला खाली यायचे, पण कुणाच्या नोटेला हात लावायचे नाहीत. चहावाल्यानं एकदोनदा नोट पुढे केली, मग तोही थांबला.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. ती विद्यार्थिनी भेटायला आली, तेव्हा मी काकूंपाशीच बसलो होतो. तिनं पर्समधून काचेची एक लहानशी चकती काढली. हलवली की निळी, जांभळी, पुन्हा निळी. "सरांना दाखवायची राहिली," ती म्हणाली.

काकूंनी हात पुढे केला नाही. लांबूनच विचारलं, "ह्यात काही मारलेलं नाही ना गं?"

तिनं मान खाली घातली. "नवं एकही नाही, काकू."

काकूंनी मग चकती घेतली, पदरानं पुसली आणि सरांच्या फोटोपुढे ठेवली. "बघा हो," त्या फोटोला म्हणाल्या, "नवं एकही नाही म्हणते."