उरक

माझ्या हाताला फार उरक. परभणीच्या एका दवाखान्यात मी कारकून होतो, तेव्हा साहेब चारचौघांत म्हणायचे, "याच्या टेबलावर कागद शिळा होत नाही." मी फुगायचो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दम्यावरची एक नवी गोळी रोग्यांवर तपासून पाहायची होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची; आणि तोवर दुसरं औषध सगळ्यांनाच बंद. रोग्याला वाचून दाखवायचा कागद चौघांच्या समितीने मंजूर करायचा होता. समिती दोन महिने 'प्रयोग' या एका शब्दावर अडून बसली. हा शब्द ऐकून माणसं पळतील, असं तिघांचं म्हणणं. चौथे एक म्हातारे हेडमास्तर. ते म्हणत, "पळू द्या, पण कळू द्या." साहेब वैतागून मला म्हणाले, "तूच काहीतरी कर बाबा."

मी केलं. 'प्रयोग' काढून 'इलाज' लिहिलं, पिठाच्या गोळीची ओळच गाळली आणि बैठकीची वाट न बघता सायकलवरून चौघांच्या घरी फिरलो. एका दुपारीत चार सह्या. हेडमास्तर चष्मा शोधायला लागले, तेव्हा मीच म्हणालो, "सर, अर्थ तोच आहे." त्यांनी विश्वासाने सही केली. 'ध'चा 'मा' करायला शाई फार लागत नाही.

पोखर्णीकडची एक बाई नवऱ्याच्या आधाराने आली. धाप लागलेली. मी कागद वाचून दाखवला.

"इलाजच हाय नव्हं?" तिने विचारलं.

"हो."

तिने अंगठा दिला आणि पूर्णा गावच्या डॉक्टरचं चालू असलेलं दम्याचं इंजेक्शन सोडलं. कोणाला कोणती गोळी, ती यादी माझ्याच कपाटात होती. तिच्या नंबरापुढे 'पीठ' होतं. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. तिसऱ्या आठवड्यात ती गेली.

इतकी वर्षं झाली, ती बाई माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. तिचा नवरा येतो. भर दुपारी, जेवताना, नातवाशी बोलतानासुद्धा.

दिवसकार्य उरकून तो एकटाच ऑफिसात आला होता. माझी गाळण उडाली. वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं. त्याने खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली.

"उरलेल्या गोळ्या हायत साहेब. तिच्या नशिबात न्हवतं, पर तुमच्यामुळं इलाज तर झाला. दुसऱ्या कुणाला तरी द्या. वाया कशाला जायच्या?"

मी पुडी हातात घेतली. "देतो," म्हणालो. त्याने मला वाकून नमस्कार केला.