वारस: कोणी नाही

माझ्या पणजोबांचं श्राद्ध आमच्याकडे सर्वपित्री अमावस्येला होतं, कारण ते कोणत्या तिथीला गेले हे कुणालाच माहीत नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून बसऱ्याला गेले आणि परत आलेच नाहीत, एवढंच आम्हाला सांगितलेलं. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचं हृदय थकल्याचं सांगितलं, त्या दिवशी ऑटोतच म्हणाले, "मरायच्या आधी मले आबाजीची तिथी पाहिजे. एक तरी घास त्याच्या दिवशी जाऊ दे."

झालं. बँकेतून निवृत्त झालेली मुलगी रिकामीच आहे, जुंपा तिला! दोन वर्षं मी नंदनवनातल्या घरात बसून पत्रं लिहिली. गोऱ्या शिपायाची सगळी कुंडली घरबसल्या मिळते, त्याला गालगुंड कधी झालं तेसुद्धा. आमच्या माणसासाठी मात्र या दप्तरातून त्या दप्तरात. शेवटी पलटणींच्या जुन्या कागदांतून दोन भरतीपत्रकं आली. दोन कशी? मला वाटलं, चूक झाली.

चूक नव्हती. दोन्हींवर तेच नाव, तेच काटोलकडचं गाव, तीच उंची, डाव्या मनगटावर भाजल्याचा तोच व्रण. पहिल्यात वारस म्हणून पणजीचं नाव. खाली शेरे: बेपत्ता, तुर्कांच्या कैदेत, सुटका, नाव कमी, घरी रवाना. दुसरं पत्रक त्यानंतर चारच महिन्यांनी, दुसऱ्या पलटणीत भरलेलं. तळाशी दहा वर्षांनंतरची, कामठीच्या छावणीत मेल्याची तारीख.

बाबांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवत होते. दुसऱ्या पत्रकातल्या 'वारस: कोणी नाही'पाशी आले आणि कागद टेबलावर आपटला. बायको होती, चार वर्षांचा मुलगा होता!

बाबांनी चष्मा काढून ठेवला.

"आला होता तो," म्हणाले. "माह्या आजीनंच सांगतलं होतं मले. बेपत्ता झाल्याची तार आली अन् वर्षाच्या आत बुढ्यानं, म्हंजे तिच्या सासऱ्यानं, गवताचा पुतळा जाळून दिवस घातले. बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबा लागते, थांबला नाही. आजीचं कुंकू पुसलं. मंग हा दारात उभा. ज्याचे दिवस घातले त्याले घरात कसा घेईन?"

"आणि पणजी? ती का नाही बाहेर आली?"

"कशी येईन वं? आवाज ओळखला होता तिनं. बुढ्यानं बाहेरून कडी लावली होती."

बाहेरून! नवरा आणखी दहा वर्षं जिवंत, शेवटी याच जिल्ह्यात मेला, आणि ही विधवा म्हणून मागच्या खोलीत भाकरी थापतेय. मी ओरडले. आजारी, म्हातारा, माझा बाप. तरी ओरडले, आणि मला त्याचं काही वाटत नाही. हा माणूस सगळं माहीत असून दरवर्षी अमावस्येला हात जोडत आला, पण तोंड उघडलं नाही.

"पितृपक्षात भाऊबंद जेवायला येतील," मी म्हटलं. "पानं वाढायच्या आधी हे तुम्ही सगळ्यांना सांगायचं. मग वाचते तळाशी लिहिलेली मेल्याची तारीख; तिथी त्यावरून निघेल."

"काहून जुनं उकरून राहिली? लोक काय म्हणतीन?"

त्या दिवशी याच धास्तीनं जिवंत माणूस दारातून परत पाठवला. मी कागद कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"सांगायचं नसेल तर राहू द्या," म्हटलं. "वर गेल्यावर त्यांनाच विचारा, कधी मेलात म्हणून."