टेनरांच्या रांगेतली थर्झा हेग

थर्झा हेगने फोन उचलला की पलीकडचा माणूस "काय मिस्टर हेग, बरं आहे ना?" म्हणायचा. मग ती त्याच घोगऱ्या आवाजात सुनवायची, "मिस्टर हेग दाढी करतायत. त्यांची बायको बोलतेय." हडर्सफील्डच्या वरच्या खोऱ्यातल्या लोकरीच्या गिरणीत, मागांच्या खडखडाटावर ओरडून ओरडून तो आवाज तसा पिकला होता.

खोऱ्यातल्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, दर डिसेंबरात 'मसीहा' हा ख्रिस्तावरचा मोठा समूहगानाचा प्रबंध गायला जायचा. रचणारा मूळचा जर्मन, रचला लंडनमध्ये, पहिल्यांदा गायला गेला डब्लिनला. पण खोऱ्यात कुणालाही विचारा, तो मुळात आपल्यासाठीच लिहिलाय अशा थाटात सांगणार. विणकरांना पाठ, खाटकाला पाठ, दूधवाल्याला पाठ. युद्धात माणसं लढायला गेली तेव्हा टेनरांची, म्हणजे पुरुषांतल्या वरच्या आवाजाची, रांग ओस पडली. थर्झा तिथे जाऊन बसली. माणसं परत आली. थर्झा उठली नाही, आणि इतकी वर्षं तिला कुणी ऊठ म्हणालंही नाही.

म्हणाले ते नवे गायनमास्तर, लीड्सहून आलेले मिस्टर पेव्हरेल. एकेक शब्द चिमट्याने उचलून बशीत ठेवावा, तसं त्यांचं बोलणं.

"मिसेस हेग, पुरुष काळ्या कोटात, स्त्रिया पांढऱ्या ब्लाउजमध्ये. काळ्या रांगेत मधेच एक पांढरा ठिपका... डोळ्यांना खुपतो. तुम्ही बायकांच्या खालच्या पट्टीत, आल्टोत बसा. नाहीतर, क्षमा करा, श्रोत्यांत."

"खुपत असेल तर डोळे मिटा की. गाणं कानांनी ऐकतात."

घरी नवरा हर्बर्ट पेपरामागून म्हणाला, "जा ना आल्टोत. त्यांच्या पाठीशी गरम पाण्याचा पाइप आहे. ऊब मिळेल."

"उबेची हौस असती तर तुझ्याशी लग्न केलं असतं का?"

कार्यक्रमाच्या दिवशी चॅपल गच्च भरलं. वरच्या सज्जात पेपरमिंटच्या गोळ्या चघळल्या जात होत्या. टेनरांच्या रांगेतून थर्झाची खुर्ची काढून टाकलेली होती. ते पाहताच ती वळली, मागच्या खोलीतून एक लाकडी खुर्ची उचलली आणि भर गर्दीतून जमिनीवर खरडत आणली. पाटीवर खिळा ओढल्यासारखा आवाज झाला. रांगेत मधोमध खुर्ची टेकवून ती बसली. ठेवणीतल्या पांढऱ्या ब्लाउजला कडक खळ केली होती.

पेव्हरेल कुजबुजले, "तुम्ही उठल्याशिवाय मी सुरू करणार नाही."

"नका करू."

त्यांनी ताल द्यायची छडी खाली ठेवली. सज्जातून कुणीतरी खाकरलं, "मास्तर, डुकरांना खायला घालायचंय हो आम्हाला."

शेजारचा एनॉक बूथरॉइड खाटीक थर्झाकडे झुकला. "थर्झे, हटू नकोस."

"मी हटतेय असं वाटतंय का तुला?"

एनॉकने खांदे उडवले, उभा राहिला आणि काळा कोट काढून खुर्चीच्या पाठीला लटकवला. आत पांढराफेक शर्ट. त्याच्या पलीकडच्या दूधवाल्याने कोट काढला. मग विणकरांनी. पाइप होता आल्टोंकडे. इकडे टेनरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या, पण सगळी रांग पांढरी झाली.

"आता खुपतंय का काही?" एनॉकने विचारलं.

पेव्हरेलचे कान लाल झाले. त्यांनी एकदा पांढऱ्या रांगेकडे पाहिलं, एकदा भरलेल्या सज्जाकडे, आणि छडी उचलली.

'मसीहा'तला 'हालेलुया' सुरू झाला आणि रिवाजाप्रमाणे सगळं चॅपल उभं राहिलं. टेनरांची ओळ आली तेव्हा थर्झाने मागांवरून ओरडायची तशी छाती भरून घेतली आणि आवाज सोडला. सज्जातला डुकरंवाला तोंड उघडं टाकून ऐकत राहिला.

नंतर चहाच्या टेबलाशी, हॅम सँडविच चिमटीत धरून, पेव्हरेल तिच्यापाशी आले. "मिसेस हेग, मानायला हवं. आवाज चांगला आहे तुमचा."

"ते मला ठाऊक आहे," थर्झा म्हणाली. "पुढच्या वर्षी माझी खुर्ची आधीच मांडून ठेवा. ओढताना जमिनीला ओरखडे पडतात."