टाळूतली किल्ली

समोरच्या दातवाल्या वहिनी रोज संध्याकाळी पोरीच्या तोंडाला कुलूप लावतात, ही बातमी आमच्या जिन्यात पसरली ती माझ्यामुळेच. दार अर्धवट उघडं होतं आणि माझी नजर सरळ होती, यात माझा काय दोष? पोरगी खुर्चीत मान मागे टाकून, आ वासून बसलेली आणि वहिनींच्या हातात दोरा बांधलेली बारीकशी किल्ली. तळमजल्यापर्यंत पोचताना बातमीला आणखी दोन पाय फुटले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला पायरीवरच गाठलं. "भाऊजी, कुलूप नाही ते. आत या आणि डोळे भरून बघा एकदाचं."

वहिनी दातांच्या लॅबमध्ये कामाला. प्लास्टरच्या जबड्यांवर तारा वाकवायच्या, डॉक्टर सांगतील तशी यंत्रं घडवायची. पंधरा वर्षं हेच. पोरीचा वरचा जबडा अरुंद. तोंड मिटलं की वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसायच्या. म्हणून टाळूला यंत्र चिकटवलेलं, तेही वहिनींच्याच हातचं. मधोमध स्क्रू. त्याच्या छिद्रात किल्ली घालून घशाकडे ढकलायची, की यंत्र केसभर रुंद होतं आणि वरच्या जबड्याची दोन हाडं हळूहळू दूर सरकतात. ती सरकली की पुढच्या दोन दातांत फट पडते. पण पोरगी चौदाची, हाडं जुळत आलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन आठवड्यांत फट दिसली नाही तर पुढे ऑपरेशनच.

आठ दिवस उलटले. फट नाही.

वहिनींचं बूड एका जागी टेकेना. चहा ओतायच्या आणि विसरायच्या. लॅबमधून दुपारी फोन करून विचारायच्या, "आरशात बघितलंस का?" पोरगी हसली की वहिनींचं लक्ष दातांत, तिने जांभई दिली की वहिनी उठून उभ्या.

"आई, मी माणूस आहे गं, प्लास्टरचा जबडा नाही!"

"प्लास्टरची असतीस तर बरं झालं असतं. तो निदान उलट बोलत नाही."

नवव्या संध्याकाळी मला बोलावणं आलं, बॅटरी धरायला. मी डोकं घालून बघू लागलो. वहिनींनी किल्ली घातली, मागे ढकलली, पुढचं छिद्र समोर आलं. मग किल्ली बाहेर काढली आणि छिद्र गायब!

"अहो, आत्ता होतं ते भोक गेलं कुठे?"

"कुठलं भोक?"

"किल्ली काढता काढता तुम्ही ती परत पुढे ओढलीत की!"

वहिनींनी किल्ली हवेतच पुन्हा मागे-पुढे करून पाहिली. लॅबची रीतच तशी. प्रत्येक स्क्रू फिरवून तपासायचा आणि पुन्हा पूर्ण मिटवून मगच डॉक्टरांकडे धाडायचा. ती खोड हातात इतकी भिनलेली, की रोज उघडलेलं रोज मिटत होतं. वहिनींनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते हसले नाहीत, उपकारच. म्हणाले, दोन आठवडे आजपासून मोजा, किल्ली मागे गेली की ओढू नका, अलगद खाली काढा.

पुढचे दिवस बॅटरी माझ्याच हाती. किल्ली काढताना वहिनी स्वतःलाच "खाली, खाली" असं बजावायच्या. सहाव्या सकाळी पोरीने माझी बेल दाबली आणि दात विचकले. पुढच्या दोन दातांत पोस्टकार्डाची कड जाईल एवढी फट! मागे वहिनी पदराने डोळे टिपत उभ्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, माझ्या नाकखुपसेपणाचे आभार माना. आता सगळ्या जिन्याला सांगतो, पंधरा वर्षांच्या कारागीर बाईंना किल्ली फिरवायला मी शिकवलं!"

वहिनी म्हणाल्या, "सांगा ना भाऊजी. फक्त त्याआधी तुमच्या तोंडाचं माप देऊन जा. रोज थोडं थोडं मिटत जाईल असं यंत्र करून देते. मिटवायचा सराव माझ्या हाताला आहेच."