उन्हात ठेवलेला फोन

फोन फुगल्याची गोष्ट आमच्या गावात पोराबाळांनाही पाठ आहे. पिठाच्या गिरणीवर, सलूनमध्ये, एसटीच्या थांब्यावर मीच ती सांगितली, हातवारे करून सांगितली. कंपनीचा फोन घरात बसल्या बसल्या पुरीसारखा कसा फुगला आणि त्याची पाठ कशी उघडी पडली, हे ऐकून लोक हसायचे, मग आपापल्या फोनला शिव्या घालायचे. पण त्यातला एक तुकडा मी नेहमी गिळला. तो बायकोला सांगितला नाही, मुलीला नाही, देवासमोरसुद्धा नाही. तुम्ही माझे कोण लागता? कोणी नाही. म्हणूनच तुमच्याकडे जीभ उचलते आहे.

आधी एक सांगू द्या. या कंपन्यांवरचा माझा राग खरा आहे. तो नाटकी नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण माझ्या सुपारीच्या वाडीतल्या पंपाची मोटर मी स्वतः उघडतो, साफ करतो, पुन्हा बसवतो. फोन उघडून दाखवा! बॅटरी आत चिकटवून टाकलेली. म्हणजे वस्तू माझी, पैसे माझे, पण आत हात घालायचा नाही. चार्जरचं भोक दर वेळी निराळं. जुन्या वायरींचा गुंता कपाटात पडलाय, एकही कशाला लागत नाही. रोज विचारणार, अपडेट करू का? नाही म्हटलं तर उद्या परत विचारणार. हो म्हटलं तर कालचं बटण आज जागेवर नाही. कुणी माझी विहीर एका रात्रीत वाडीच्या दुसऱ्या टोकाला नेली तर मी त्याला शाबासकी देईन का? आणि ते ‘मी सहमत आहे’! वर हा एवढा मजकूर, वाचायला बसलो तर दिवस मावळेल. मी उभ्या जन्मात सख्ख्या भावाशी सहमत झालो नाही, आणि या न बघितलेल्या माणसांशी व्हायचं? नाही झालात तर फोन चालणार नाही. ही कुठली रीत?

त्यात ते बोट. सुपारी सोलून सोलून माझ्या बोटांवरच्या रेषा केव्हाच गेल्या. फोनवर बोट ठेवलं की तो म्हणणार, पुन्हा प्रयत्न करा. पुसून ठेवलं, ओलं करून ठेवलं, दुसऱ्या हाताचं ठेवलं—पुन्हा प्रयत्न करा. बायकोने नुसतं टेकवलं की उघडला. सिमकार्ड माझ्या नावावर, आणि ओळख बायकोची.

बायको—लीला. आमची मुलगी लहान होती तेव्हा लीलाला मोठा ताप आला आणि तिचे दोन्ही कान गेले. कानातलं यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारायचं, तिने ते डब्यात टाकलं. मग ती ओठ वाचायला शिकली. माझे ओठ. ते नीट दिसावेत म्हणून मी मिशी काढली. आमच्या घराण्यात बिनमिशीचा पहिला पुरुष मी. शब्द सावकाश, तोंड उघडून बोलायला शिकलो. पाहुणे, डॉक्टर, भाजीवाली, सगळ्यांचं बोलणं माझ्या तोंडून तिच्यापर्यंत जायचं. मी दारात आलो की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची. इतकी वर्षं. मला त्याची सवय लागली—नाही, सवय नव्हे. मला त्याचा माज चढला.

तो फोन आणला प्रशांतने. लीलाची धाकटी बहीण कमल काशीदला राहायची, प्रशांत तिचा मुलगा. कमल पडली, खुब्याचं हाड मोडलं, ती अंथरुणाला खिळली. ‘मावशी, यात आई दिसेल,’ म्हणून त्याने लीलाला तोंड दिसणारा फोन लावून दिला. आणि लीला बहिणीचे ओठ वाचायला लागली! कान गेल्यापासून पहिल्यांदा ती माझ्याशिवाय कुणाशी तरी पोटभर बोलत होती. दुपारची जेवणं झाली की दोघी बसायच्या. भरल्या वांग्यात गूळ किती, इथपासून आईबापापर्यंत.

एके दुपारी मी वाडीतून आलो. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, लीला मोठ्याने सांगत होती, ‘अगं, ह्यांना फोन ओळखतच न्हाय! मालक म्हणे, मालक!’ फोनच्या आत कमलने माझ्यासारखा चेहरा केला, भुवया चढवून काचेवर बोट दाबत राहिली. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी समोर जाऊन उभा राहिलो, चहा म्हटलं. लीलाने मान वर केली नाही.

एवढंच झालं. याहून काही मोठं झालं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

चैत्रातले दिवस. अंगणात सुपारी वाळत घातली होती. दुसऱ्या सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी फोन सुपारीखाली सरकवला. फक्त लपवला, असं मी पुढे मनाला पुष्कळदा सांगितलं. पण लपवायलाच हवा होता तर घराला माळा होता. मी ऊन निवडलं. अंगणातल्या उन्हात काय होतं, ते सुपारीवाल्याला कुणी शिकवायला लागतं का?

तिने घर पालथं घातलं. मीही तिच्याबरोबर शोधत होतो, गाद्या उलटत होतो. काही दिवसांनी तो टीव्हीच्या मागे ‘सापडला’. फुगलेला.

बोर्ली पंचतनला सलीमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे नेला. त्याने उलटसुलट करून बघितला. हळूच म्हणाला, ‘चाचा, उन्हात राहिला होता काय?’

मी दुकान डोक्यावर घेतलं. ‘म्हणजे कंपनी शहाणी आणि गिऱ्हाईक येडं, व्हय रे?’ बाजारचा दिवस, माणसं जमली. कुणी म्हणालं, ‘बरोबर बोलतायत काका, लुटतात साले.’ सलीमने मान खाली घातली. तरी माणसं पांगल्यावर तो म्हणाला, ‘बॅटरी बदलून देतो चाचा, चालेल फोन.’

चालेल, म्हणाला तो. हाच तो तुकडा. मी घरी आलो. लीला दारातच होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी सावकाश, एकेक अक्षर उघडं करून म्हणालो, ‘दुरुस्त होत न्हाय.’ दुसऱ्या कुणाचे ओठ वाचताना ती चुकते. माझे वाचताना कधी चुकली नाही.

प्रशांत दुसरा फोन देतो म्हणाला. मी सांगितलं, त्या चोरांचं यंत्र माझ्या घरात नको. लीला म्हणाली, मग मला काशीदला तरी न्या. लांब का आहे? दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, पुढे मुरुड, काशीद. सकाळी निघालं तर दुपारचं जेवण तिकडे. मी म्हटलं, पावसाळा सरू दे. मग म्हटलं, सुपारी उतरू दे. सुपारी झाडावरच होती, आणि कमल गेली.

आम्ही पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. बायका रडत होत्या. लीला रडत नव्हती, वाकून कमलच्या तोंडाकडे बघत बसली होती. प्रशांतने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘आई शेवटपर्यंत विचारत होती, ताईचा फोन सुधारला का?’ मी त्यालाही कंपनीचंच सांगितलं. सुतकाच्या घरात!

यंदा गणपतीला मुलगी पनवेलहून आली, आईसाठी नवा फोन घेऊन. ‘आई, आपण रोज बोलू, तुला माझं तोंड दिसेल.’ लीलाने तो हातात घेतला, काचेवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. ‘नको गं बाय. ह्या कंपन्या लबाड. कमलच्या वेळेला बघितलं मी. तुझे बाबा काय खोटं सांगतायत?’

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. लीलाही बघायला लागली—माझ्या तोंडाकडे.

मी म्हणालो, ‘लबाडच.’

मुलीने फोन खोक्यात घातला.